दिशेतून उमटणारा स्वर : कॅनडातील मूलनिवासींची अक्षरलिपी आणि तिचे संगणकीय संकेतांकन

पालि भाषेला स्वतःची अशी लिपी नाही, ही गोष्ट बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. सिंहली, बर्मी, ख्मेर, थाई, देवनागरी, रोमन अशा नाना लिप्यांतून तिपिटक लिहिले गेले, छापले गेले; लिपी बदलली म्हणून वचन बदलले नाही. यावरून लिपी हे भाषेचे केवळ वस्त्र होय, वस्त्र बदलले तरी देह तोच राहतो, असे अनुमान सहज काढले जाते. पालिपुरते ते ठीक आहे. कारण पाठांतराने आणि भिक्खुसंघाच्या दीर्घ परंपरेने जतन केलेली ती भाषा आहे. परंतु ज्या भाषेचे बोलणारे थोडे, ज्यांच्या मुलांना कित्येक पिढ्या शाळेत स्वभाषा बोलण्याची मनाई होती आणि ज्यांच्या वृद्धांना वाचता येते ते एकाच लिपीत, त्यांच्या बाबतीत हे अनुमान लागू पडत नाही. तेथे लिपीतील एखादे अक्षर यंत्रावर उमटू न शकणे याचा परिणाम थेट भाषेच्या उच्चारापर्यंत जाऊन पोहोचतो. तो कसा पोहोचतो, हे कॅनडातील मूलनिवासी जनसमूहांच्या अक्षरलिपीच्या उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. क्री, ओजिब्वे आणि पूर्व व मध्य आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोक ही लिपी आजही वापरतात.

लिपीची रचना

'अक्षर' हा शब्द आपण व्यवहारात कोणत्याही लिपिचिन्हास लावतो. येथे तो छंदशास्त्रातील अर्थाने घ्यावयाचा आहे. एका प्रयत्नात उच्चारला जाणारा, स्वराने पूर्ण झालेला ध्वनिसमूह म्हणजे अक्षर. रोमन लिपी व्यंजन आणि स्वर निरनिराळे मांडते. ब्राह्मी आणि तिच्यापासून निघालेल्या सर्व भारतीय लिप्या व्यंजनास मूळ मानून त्यास स्वराची खूण जोडतात. तिसरा प्रकार असा की प्रत्येक अक्षरास स्वतंत्र चिन्ह द्यावयाचे, आणि 'क' व 'कि' यांच्या आकारांत काहीच साम्य ठेवावयाचे नाही. अमेरिकेतील चेरोकी भाषेसाठी सेक्वोया या चेरोकी गृहस्थाने १८२१ साली पूर्ण केलेली लिपी या तिसऱ्या प्रकारची होय.

कॅनडातील लिपी या तिहींपैकी कोणत्याही कप्प्यात नीट बसत नाही. तीत व्यंजन हे आकाराने दाखविले जाते आणि स्वर हा त्या आकाराच्या दिशेने. क्री भाषेतील 'प' वर्गाचे उदाहरण घेऊ. रोमन लिपीतील 'व्ही' सारखा एक साधा कोन आहे. त्याचे टोक खाली असेल तर 'पे', वर असेल तर 'पि', उजवीकडे असेल तर 'पो' आणि डावीकडे असेल तर 'प'. 'त' साठी घोड्याच्या नालासारखा आकार आहे. त्याचा फुगवटा खाली असता 'ते', वर असता 'ति', उजवीकडे असता 'तो', डावीकडे असता 'त'. व्यंजनाविना नुसता स्वर लिहावयाचा असेल तर त्रिकोण, आणि त्याच्याही दिशा त्याच चार. 'क', 'म', 'न', 'स' इत्यादींचे आकार आकडीसारखे असल्याने ते सरळ फिरविण्याऐवजी आरशातील प्रतिबिंबासारखे उलटविले जातात. परंतु तत्त्व एकच. आकारावर टिंब दिले की स्वर दीर्घ होतो. (आपल्या डोळ्यांना तो अनुस्वार वाटेल. तसे नाही.) शब्दाच्या शेवटी येणारे स्वरहीन व्यंजन, म्हणजे ज्यास आपण पाय मोडून लिहितो ते, लहान आकाराच्या चिन्हाने रेषेच्या वरच्या अंगास लिहितात.

हा सर्व तक्ता एका पानावर मावतो, आणि तो पाहिल्यावर मराठी वाचकास जी वस्तू आठवेल ती म्हणजे बाराखडी. फरक एवढाच की आपल्या बाराखडीत 'अ'कार हा व्यंजनात मुळातच वसलेला असतो आणि इतर स्वर त्याला हटवून त्याची जागा घेतात. क्री तक्त्यात कोणताही स्वर मूळचा नाही. चार दिशांपैकी कोणतीही दिशा 'सरळ' नाही. ही बारीक गोष्ट वाटेल. पण संगणकाचा प्रश्न आला तेव्हा हीच निर्णायक ठरली, हे पुढे दिसून येईल.

उगमाविषयी दोन परंपरा

या लिपीचा लिखित इतिहास जेम्स इव्हान्स या वेस्लियन मेथडिस्ट मिशनऱ्यापासून सुरू होतो. हा मूळचा इंग्लंडमधील हल येथील. १८०१ सालचा जन्म. कॅनडात आल्यावर त्याने प्रथम ओजिब्वे लोकांत काम केले आणि त्यांच्या भाषेसाठी रोमन लिपीतील एक वर्णपुस्तक १८३७ साली न्यूयॉर्क येथे छापविले. १८४० मध्ये त्याची नेमणूक विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाशी असलेल्या नॉर्वे हाऊस या हडसन्स बे कंपनीच्या ठाण्याजवळ झाली. तेथील लोक क्री भाषिक होते. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत त्याने वर वर्णिलेली अक्षरलिपी तयार करून तीत छपाईही सुरू केली. छापखाना नव्हता, कंपनी तो आणू देत नव्हती. चहाच्या पेट्यांना आतून लावलेले शिसे वितळवून त्याने खिळे ओतले, काजळी आणि माशाचे तेल यांची शाई केली आणि कातड्यांचे गठ्ठे बांधण्याचा दाबयंत्राचा सांगाडा छपाईसाठी वापरला. कागदाच्या जोडीला भूर्जवृक्षाची सालही त्याने उपयोगात आणली. गांधार आणि गिलगिट येथील बौद्ध हस्तलिखिते ज्यावर लिहिली गेली, त्याच जातीच्या वृक्षाची ही साल, हे येथे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

इव्हान्सला ही कल्पना सुचली कोठून? त्याला लघुलिपी अवगत होती, आणि पिटमनची लघुलिपी १८३७ साली प्रसिद्ध झाली होती; रेषेच्या दिशेस ध्वनिमूल्य देण्याची युक्ती तेथे आहे. त्याबरोबरच, व्यंजनाचा आकार कायम ठेवून त्यात स्वरापुरता बदल करण्याचे तत्त्व त्याने देवनागरीपासून घेतले असावे, असे मत अनेक लिपिअभ्यासकांनी मांडले आहे. भारतात काम करणाऱ्या मिशनऱ्यांची देवनागरी मुद्रणे त्या काळी इंग्रजी मिशनऱ्यांच्या जगात सर्वत्र फिरत होती. शिरोरेषा काढून टाकलेल्या देवनागरी अक्षरांशी काही क्री आकारांचे साम्यही या अभ्यासकांनी दाखविले आहे. आकारांच्या साम्यावर फार भर देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. साध्या रेषांचे आकार जगात मोजकेच असतात आणि कशाचेही कशाशी साम्य दाखविता येते. तत्त्वाचे साम्य मात्र विचारात घेण्याजोगे आहे. ते खरे असेल तर अशोकाच्या धम्मलिपीचे एक दूरचे नाते मॅनिटोबाच्या अरण्यापर्यंत पोहोचते. योगायोग असा की जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या कठड्यांवरील 'दानं' हा शब्द वाचून ब्राह्मीचे कोडे सोडविले तेही १८३७ सालीच.

दुसरी परंपरा क्री लोकांची स्वतःची आहे. तिच्यानुसार ही चिन्हे कोणा मिशनऱ्याने रचलेली नसून मिस्तानास्कोवेव नावाच्या क्री पुरुषास ती परलोकातून प्राप्त झाली. तो मृत झाला असे समजले गेले होते. तो परत आला तेव्हा त्याच्यापाशी भूर्जाच्या सालीवर ही चिन्हे होती आणि ती लोकांना शिकविण्याची आज्ञा त्यास झाली होती. फाइन डे या क्री वृद्धाने सांगितलेली ही हकीकत मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मँडेलबॉम याने १९३० च्या दशकात नोंदविली. अलीकडील काळात क्री अभ्यासकांनीही तिचा पुनर्विचार केला आहे. छापील पुरावा इव्हान्सच्या बाजूचा आहे, हे उघड आहे. पण कोणतीही लिपी एका माणसाच्या मेजावर तयार होऊन लोकांत रुजत नाही, हेही तितकेच खरे. या लिपीचा जो प्रसार झाला तो मिशनऱ्यांच्या शाळांतून थोडा आणि शिकाऱ्यांच्या वाटांवरून फार झाला. एका क्री माणसाने दुसऱ्यास काही दिवसांत ती शिकवावी, मागून येणाऱ्यासाठी सालीवर निरोप खरडून तो झाडास अडकवून ठेवावा, असे तिचे स्वरूप होते. जेथे मिशनरी पोहोचलाच नव्हता तेथे लिपी आधी पोहोचल्याच्या नोंदी आहेत. इव्हान्स १८४६ साली मरण पावला. संपूर्ण बायबलचे क्री भाषांतर या लिपीत १८६१-६२ साली लंडनमध्ये छापले गेले. तोवर लिपी त्याच्या हातातून केव्हाच निसटून लोकांची झाली होती.

उत्तरेकडे इन्युइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेसाठी तिचे रूपांतर जॉन हॉर्डन आणि एडविन वॉटकिन्स यांनी १८५० च्या दशकापासून सुरू केले. १८७६ साली तेथे आलेल्या एडमंड पेक याने ते सर्वत्र नेले. इनुक्टिटुटमध्ये या लिपीस 'कानियुयाक्पाइत' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी 'तोंड' या अर्थाचा शब्द आहे. पश्चिमेस ब्रिटिश कोलंबियात आद्रियां-गाब्रिएल मोरिस या कॅथलिक पाद्र्याने १८८५ साली डाकेल्ह भाषेसाठी तिचे बरेच वेगळे रूप घडविले. ब्लॅकफूट भाषेसाठीही एक रूप निघाले, पण ते टिकले नाही.

टंकलेखनयंत्राने खोडलेला रकाना

लिपी आणि यंत्र यांची पहिली मोठी गाठ पडली ती संगणकाच्याही आधी. इनुक्टिटुटच्या तक्त्यात चार उभे रकाने होते : 'आइ', 'इ', 'उ', 'अ'. १९७६ साली इन्युइट सांस्कृतिक संस्थेने लेखनाचे प्रमाणीकरण केले तेव्हा 'आइ'चा पहिला रकाना काढून टाकण्यात आला. कारण व्याकरणाचे नव्हते. त्या काळच्या आयबीएम सिलेक्ट्रिक टंकलेखनयंत्रात अक्षरे एका गोलकावर कोरलेली असत आणि त्या गोलकावर ८८ चिन्हांपुरती जागा होती. संपूर्ण लिपी त्यावर मावेना. म्हणून लिपीलाच कात्री लावली गेली. 'पाइ' हे जे अक्षर एका चिन्हाने लिहिले जाई ते तेव्हापासून 'प' आणि 'इ' अशा दोन चिन्हांनी लिहिले जाऊ लागले.

महाराष्ट्रात हे वाचून कोणास आश्चर्य वाटू नये. मुद्रणाच्या आणि टंकलेखनाच्या सोयीसाठी 'इ', 'उ', 'ए' ही स्वरचिन्हे टाकून देऊन 'अ'ला वेलांटी, उकार व मात्रा लावण्याची, म्हणजे 'अ'च्या बाराखडीची, चळवळ आपल्याकडेही होऊन गेली, आणि काही नियतकालिके वर्षानुवर्षे तशी छापलीही गेली. आपण पुढे ती सोडून दिली, कारण मराठी छापणारे छापखाने असंख्य होते आणि जुनी पद्धत मोडण्याइतके बळ कोणा एका यंत्रात नव्हते. आर्क्टिकमध्ये यंत्रे मोजकी होती. आज नुनावुतमध्ये शिकलेल्या एका अख्ख्या पिढीस चौथा रकाना परका वाटतो, तर शेजारच्या क्वेबेक प्रांतातील नुनाविकच्या इन्युइटांनी तो पुन्हा स्वीकारला. भाषा एक, आणि मधे एका गोलकाने ओढलेली सीमारेषा!

संगणक आल्यावर प्रारंभीची अवस्था आपल्यासारखीच होती. १९९० च्या दशकात ज्यांनी मराठी मजकूर संगणकावर जुळविला त्यांना हे सांगण्याची गरज नाही. यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असत. त्यांवर मराठी आकारांचा फॉन्ट चढविलेला असे. तो फॉन्ट दुसऱ्याच्या यंत्रावर नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा अर्थहीन कचरा दिसे. प्रस्तुत लेखकाने त्या काळी टंकित करविलेला काही पालि सुत्तांचा अनुवाद आज कोणत्याही यंत्रावर उघडता येत नाही. छापील प्रत राहिली म्हणून तो राहिला. इनुक्टिटुटसाठी 'नुनाकॉम' आणि 'प्रोसिल' हे असेच फॉन्ट प्रचारात होते. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. इन्युइट भाषेत राज्यकारभार करू इच्छिणाऱ्या या शासनाच्या हाती आरंभी हीच साधने होती.

क्रमांक, आकार आणि नाव

युनिकोड ही व्यवस्था या अडचणीवरील उपाय होय. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हास एक कायमचा, इतर कोणाशीही न जुळणारा क्रमांक द्यावयाचा, हे तिचे सूत्र. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५. तो कोणत्याही देशातील कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. फॉन्टने फक्त त्या क्रमांकाचा आकार पुरवायचा. कॅनडातील अक्षरलिपीस युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९९९ साली, स्थान मिळाले. त्यामागे कॅनडातील लिपिसंकेतांकन समितीने त्या दशकात केलेले काम होते. एकूण ६३० चिन्हे एकाच वेळी प्रविष्ट झाली.

देवनागरीचा विभाग १२८ स्थानांचा आहे. मग क्रीसारख्या सोप्या लिपीस ६३० क्रमांक का लागावेत? याचे उत्तर वर सांगितलेल्या बारीक गोष्टीत आहे. देवनागरीत 'कि' साठी वेगळा क्रमांक नाही. 'क'चा एक क्रमांक आणि वेलांटीचा एक, असे दोन क्रमांक एकापुढे एक येतात आणि वेलांटी डावीकडे नेऊन बसविण्याचे काम फॉन्ट करतो. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या 'इस्की' या संकेतपद्धतीतही हेच तत्त्व होते. क्रीमध्ये मात्र सुटी काढता येईल अशी स्वराची खूणच नाही. दिशा ही काही चिकटविण्याची वस्तू नव्हे. आणि मूळ दिशा कोणतीच नसल्याने 'मूळ आकार अधिक फिरविणे' असेही म्हणता येत नाही. म्हणून 'पे', 'पि', 'पो', 'प' यांस चार स्वतंत्र क्रमांक, त्यांच्या दीर्घ रूपांस आणखी, 'व'कारयुक्त रूपांस आणखी. त्यात अनेक भाषांच्या अधिक चिन्हांची भर पडून ही संख्या झाली.

या तक्त्याच्या नावात 'एकीकृत' असा शब्द आहे आणि सारी मेख त्यातच आहे. निरनिराळ्या भाषांनी एकच आकार वापरला असेल तर क्रमांक एकच, मग उच्चार काहीही असो. टोक खाली असलेल्या त्रिकोणाचा क्रमांक ५१२१. क्री वाचकास तो 'ए' आहे. जुनी पद्धत जाणणाऱ्या इन्युइट वाचकास तोच 'आइ' आहे. तक्त्यातील त्याचे अधिकृत नाव 'ए'. युनिकोडचा नियम असा की एकदा दिलेला क्रमांक काढून घेता येत नाही आणि एकदा दिलेले नाव बदलता येत नाही. अशा रीतीने शेजारच्या भाषेच्या नावाने आपले अक्षर कायमचे नोंदविले जाते. देवनागरीतही मराठी, हिंदी, नेपाळी यांचे अक्षर एकच मानले आहे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु एकीकरणाचे तत्त्व येथे सर्वत्र सारखे पाळले गेलेले नाही. 'प्वे' या अक्षरातील 'व'काराचे टिंब पूर्वेकडील क्री लेखक आकाराच्या डावीकडे देतात, पश्चिमेकडील उजवीकडे. अक्षर तेच, उच्चार तोच. पण संपूर्ण अक्षरास एकच क्रमांक असल्याने टिंब हलविता येत नाही, म्हणून दोन निरनिराळे क्रमांक द्यावे लागले. परिणामी एकाच शब्दाची दोन प्रांतांतील रूपे यंत्राच्या दृष्टीने दोन भिन्न शब्द ठरतात, आणि एकाचा शोध घेतला असता दुसरे सापडत नाही.

क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर मिळाले असेही नाही. कळफलक हवा, फॉन्ट हवा, आणि तो प्रत्येक यंत्रात आधीपासून असावयास हवा. नुनावुत शासनाने 'पिगियार्निक' हा फॉन्ट तयार करविला. 'युफिमिया' हा फॉन्ट २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर सामान्य संगणकांत पोहोचला. म्हणजे क्रमांक मिळाल्यापासून घरोघरच्या यंत्रापर्यंत यावयास आठ वर्षे लागली. दरम्यान २००९ साली, पाचव्या आवृत्तीच्या दुसऱ्या सुधारणेत, मूळ विभागात १० आणि नव्या पुरवणी विभागात ७० अशी ८० चिन्हे आणखी जोडली गेली. आता यादी पूर्ण झाली, असा समज झाला.

बारा अक्षरे

तो समज चुकीचा होता. नुनावुतच्या पश्चिमेकडील किटिकमियोत भागात जोआ हेवन, तालोयोआक आणि कुगारुक या वस्त्यांत नत्तिलिक बोली बोलली जाते. या बोलीत दोन व्यंजने अशी आहेत की जी १९७६ च्या प्रमाण तक्त्यात नाहीत. इतर बोलींत जेथे 'स' येतो तेथे येणारा 'ह' हे एक, आणि 'श' व 'र' यांच्यामधला वाटणारा, जीभ वळवून उच्चारलेला ध्वनी हे दुसरे. या दोन्हींसाठी तेथील वडीलधाऱ्यांनी व शिक्षकांनी स्वतंत्र आकार योजले होते. तीन स्वर, प्रत्येकाचे ऱ्हस्व व दीर्घ रूप, आणि दोन व्यंजने : एकूण १२ चिन्हे. ती हाताने लिहिली जात. युनिकोडच्या ७१० चिन्हांत ती नव्हती.

बाहेरून पाहणाऱ्यास ही त्रुटी क्षुल्लक वाटेल. बारा अक्षरे नाहीत, तर जवळचे दुसरे अक्षर वापरावे! पण याचा व्यवहारातील अर्थ पाहावा. शाळेतील छापील पाठात 'ह' ऐवजी दुसऱ्या बोलीचे चिन्ह येते. मूल जे दिसेल ते वाचते, म्हणजे आजीच्या उच्चाराऐवजी शेकडो मैलांवरील बोलीचा उच्चार शिकते. घरी एक ऐकावे आणि पुस्तकात दुसरे पाहावे, यात मूल कोणते खरे मानते, हे आपल्याकडील बोलीभाषिक विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. पुस्तकात आहे ते शुद्ध आणि घरी आहे ते अशुद्ध, असा धडा कोणी न शिकविताच शिकविला जातो. कॅनडात तर याआधीच एक फार मोठी हानी होऊन गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंत चाललेल्या निवासी शाळांत मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ठेवले जाई आणि स्वभाषा बोलल्यास शिक्षा होई. सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याची सविस्तर नोंद केली आहे. या इतिहासातून वाचलेली बोली नंतर एका तक्त्यातील वगळणुकीने क्षीण व्हावी, आणि तीही कोणाच्या दुष्ट हेतूवाचून, केवळ तक्ता करताना त्या तीन वस्त्यांतील कोणास विचारले गेले नाही म्हणून, ही गोष्ट मनास लागते.

नत्तिलिक भाषेचे वडीलधारे जाणकार आणि 'टायपोथेक' ही अक्षररचना करणारी संस्था यांनी मिळून या चिन्हांचा प्रस्ताव तयार केला. प्रत्येक चिन्ह कोण वापरते, कशासाठी, आणि ते आधीच्या एखाद्या चिन्हाचेच रूप का मानता येत नाही, याचे पुरावे द्यावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौदाव्या आवृत्तीत १६ स्थानांचा एक नवा लहान विभाग निर्माण झाला. त्यातील १२ स्थाने नत्तिलिक अक्षरांची आहेत. उरलेली ४ एका जुन्या वस्तूची आहेत. इव्हान्सच्या आरंभीच्या तक्त्यात 'स्प' या जोडव्यंजनासाठी एक स्वतंत्र वर्ग होता. तो लवकरच वापरातून गेला आणि पुढे सर्वजण तो विसरले. १८४० च्या सुमाराची पाने जशीच्या तशी उतरवून घेण्यासाठी त्या चार चिन्हांची आवश्यकता होती.

याच कामात डाकेल्ह लिपीसंबंधी आणखी एक दोष उघडकीस आला. तेथे चिन्हांस क्रमांक होते. परंतु तक्त्यात छापलेल्या काही नमुनाकृती तेथील लोक लिहितात तशा नव्हत्या. फॉन्ट करणारे तक्ता पाहून आकार काढतात, त्यामुळे ती चूक प्रत्येक फॉन्टमध्ये उतरत गेली. क्रमांक आणि नाव अचल असले तरी नमुनाकृती सुधारता येते, हे सुदैव.

हे सर्व चालू असतानाच लिपीच्या भवितव्याविषयी एक वेगळाच निर्णय झाला. इन्युइट लोक सगळेच अक्षरलिपी लिहितात असे नाही. लाब्राडोरमध्ये मोराव्हियन मिशनऱ्यांनी रोमन लिपी रुजविली होती आणि पश्चिम आर्क्टिकमध्येही रोमनच चालते. एका प्रदेशाचे शालेय पुस्तक दुसऱ्यास वाचता येत नाही. २०१९ साली कॅनडातील इन्युइटांच्या राष्ट्रीय संघटनेने सर्व बोलींसाठी एक समान रोमन लेखनपद्धती मान्य केली. तिचा दर्जा पूरक पद्धतीचा आहे. अक्षरलिपी बंद करावी असे कोणी म्हटलेले नाही. तथापि समान पाठ्यपुस्तके रोमनमध्ये निघू लागली की अक्षरलिपी वृद्धांच्या प्रार्थनापुस्तकापुरती उरेल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. उलट पक्षी, चार प्रदेशांत विखुरलेल्या लहान समाजास एकत्र पुस्तके काढता आली नाहीत तर लिपी राहील आणि वाचक राहणार नाही, हाही युक्तिवाद तितकाच सबळ आहे. हा निर्णय त्यांचा त्यांनीच घेतला आहे, आणि १९७६ प्रमाणे यावेळी एखाद्या यंत्राच्या गोलकावर किती जागा आहे हे पाहून तो घ्यावा लागलेला नाही, एवढे मात्र म्हणता येईल.

नत्तिलिक अक्षरांना आता क्रमांक आहेत आणि ती असलेले फॉन्टही निघाले आहेत. परंतु २०२१ पूर्वीच्या यंत्रावर, त्यात नवा फॉन्ट घातलेला नसेल तर, त्या बारा अक्षरांच्या जागी आजही रिकामी चौकटच दिसते. जोआ हेवनमधील नातवाने पाठविलेला निरोप आजीच्या जुन्या फोनवर पूर्ण वाचता यावयाचा असेल तर त्या फोनपर्यंतही तो फॉन्ट पोहोचावा लागेल.